नऊशे अठ्ठ्याऐंशीवा चंद्र

८ नोव्हेंबर २०२४, शुक्रवार. लातूर

नांदेडहून रेणुकाचा फोन आला. तीन वर्षांनी. आधी तब्येत विचारली, मग गुडघे, मग मुद्दा. ज्ञानोबा गुरुजींचं सहस्रचंद्रदर्शन करायचं तिनं ठरवलं आहे. आम्हा १९८१ च्या दहावीच्या तुकडीतर्फे, मुरूडला, गुरुजींच्या घरासमोर मांडव घालून. तारीख १३ जानेवारी, पौष पौर्णिमा. मला विचारायला नव्हे, कळवायला फोन होता.

माणसाला ऐंशी वर्षं होऊन वर दहा महिने गेले की त्याच्या हजार पौर्णिमा होतात. हा हिशेब तिनं मला सात मिनिटं समजावला. मी एकवीस वर्षं पक्क्या नोकरीत गणित शिकवलं, त्याआधी बारा वर्षं मानधनावर. तरी ऐकून घेतलं.

माझ्याकडे काम दिलं स्मरणिकेतल्या जीवनपटाचं. एक पान. जन्म, शिक्षण, नोकरी, निवृत्ती. "तुझं तारखांचं पक्कं असतं ना," म्हणाली. मुख्य लेख ती लिहिणार. 'आमचे गुरुजी'. आठ पानं.

आमचे. मी हो म्हटलं आणि फोन ठेवला.

११ नोव्हेंबर

कपाट आवरायला घेतलं. मन ठिकाणावर नसलं की मी कपाट आवरते. तळाशी ३१ डिसेंबर १९९९ चा फोटो निघाला. फाडायचा राहून गेला होता.

तेव्हा रेणुका आणि मी मुरूडच्या शाळेत एकत्र होतो, दोघीही मानधनावर. मी तिच्यापेक्षा एक वर्ष आधी लागलेली. गुरुजी, ज्यांनी आम्हा दोघींना घडवलं, ते त्याच शाळेत गणिताचे ज्येष्ठ शिक्षक. रेणुकानं 'नव्या सहस्रकाचं स्वागत' काढलं. दोन हजार पणत्या, मुलींचा नाच, बँड. मी स्टाफरूममध्ये उभी राहून स्पष्ट सांगितलं की सहस्रक १ जानेवारी २००१ ला लागतं. इसवी सनात शून्य साल नाही. एक ते शंभर मोजले की पहिलं शतक होतं, नव्याण्णव मोजून होत नाही. नववीच्या वर्गात हे आम्हाला सांगितलं ते खुद्द गुरुजींनी, मणी मोजून.

आणि तेच गुरुजी रेणुकाच्या कार्यक्रमाला अध्यक्ष म्हणून बसले. फोटोत ती त्यांना हार घालते आहे.

पुढच्या वर्षी ३१ डिसेंबर २००० ला मी बरोबर दिवशी कार्यक्रम घेतला. अकरा माणसं आली, त्यात दोन शिपाई. गुरुजी उशिरा आले, मागच्या बाकावर बसून चिवडा खाल्ला, शेवटपर्यंत थांबले. त्या दिवसापासून गावात माझं नाव 'दोन हजार एक मॅडम' पडलं.

फोटो परत ठेवला.

१७ नोव्हेंबर, रविवार

मुरूडला जाऊन आले. सकाळच्या बसनं गेले, दहाला पोचले. म्हटलं रेणुका यायच्या आत काम आटपावं. ती नांदेडहून गाडी करून माझ्याआधी येऊन बसलेली. गुरुजींच्या शेजारच्या खुर्चीत.

मी नमस्कार केला. गुरुजींनी मान हलवली, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी समोर बसले. ते माझ्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे पाहत राहिले. रेणुका बोलली की लगेच तिच्याकडे तोंड. मी त्यांच्यासाठी जुन्या प्रश्नपत्रिकांचं बाड बांधून नेलं होतं, त्यांच्या हस्ताक्षरातलं, चाळीस वर्षं जपलेलं. त्यांनी त्यावरून नुसता हात फिरवला आणि बाजूला ठेवलं. उघडलंही नाही. रेणुकानं चहाची कपबशी थेट त्यांच्या हातात दिली, बोटं धरून, जशी काही लेकच. मला ते बघवेना. मी उठून केवळाबाईंकडे स्वयंपाकघरात गेले.

केवळाबाई म्हणजे गुरुजींच्या पत्नी. सीताफळं निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "ही तुझी बाजूला काढलीत बघ. औंदा लई बारीक झाली." दर दिवाळीला त्यांच्या अंगणातली सीताफळं मला येतात. सगळ्यांनाच पाठवत असतील. झाड गुरुजींनी निवृत्त झाल्यावर लावलं. "त्या साली घरी बसून राहिले न् काय, अंगण उकरीत बसायचे," म्हणाल्या. "म्या म्हणलं, आणखी एक साल गेलं असतं शाळेत तर काय बिघडलं असतं. तर हसले." हे त्यांचं नेहमीचं. बायकांना नवरा घरात बसलेला आवडत नाही.

मी कागदपत्रं मागितली. त्यांनी ट्रंक उघडून दिली आणि सासूच्या आठवणी सुरू केल्या. सासू गुरुजींना शेवटपर्यंत 'धोंडू' म्हणायची, कारण ते धोंड्याच्या महिन्यातले. अधिक मासात लेकरू झालं म्हणून बारसंही महिना उलटल्यावर केलं.

ट्रंकेत शाळेच्या दाखल्याची प्रत होती: जन्म २५ मार्च १९४४. आणि दाखल्याला टाचलेली एक पिवळी चिठ्ठी, उर्दूत. गावच्या पाटलाच्या जन्म-मृत्यूच्या वहीवरून उतरवून घेतलेली असावी. मला उर्दू येत नाही. विचारून दोन्ही घेऊन आले.

निघताना गुरुजी म्हणाले, "कोण, मनिषा निघाली का?" तासभर मी समोर होते, आणि आता हे.

१८ नोव्हेंबर

शिवप्रसादना चिठ्ठी दाखवली. (वहीत मी त्यांचं नाव लिहिते, तोंडानं घेत नाही.) तीस वर्षं तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये काढली आहेत त्यांनी, निजामाच्या काळातले सातबारे त्यांनी वर्तमानपत्रासारखे वाचले आहेत. चष्मा कपाळावर ढकलून चिठ्ठी डोळ्यांपाशी नेली.

"मौजे अमुक, मुलगा, बापाचं नाव अमुक. अर्दीबेहिश्त महिना, फसली तेराशे चोपन्न."

फसली म्हणजे निजामाच्या राज्यातलं सरकारी साल. मी म्हटलं, त्यात पाचशे नव्वद मिळवले की इसवी सन येतो, एवढं माहीत आहे. तेराशे चोपन्न अधिक पाचशे नव्वद, एकोणीसशे चव्वेचाळीस. बरोबर आहे दाखला.

"तिथंच सगळे मास्तर चुकले," हे म्हणाले. "फसली साल ऑक्टोबरात लागतं. ऑक्टोबर ते डिसेंबर असेल तर पाचशे नव्वद. जानेवारी उजाडला की पाचशे एक्क्याण्णव. अर्दीबेहिश्त म्हणजे मार्च. निम्म्या मराठवाड्याच्या जन्मतारखा अशा एक साल मागं सरकल्यात."

म्हणजे १९४५. गुरुजी एक वर्षानं लहान. हजारावी पौर्णिमा येत्या जानेवारीत नाहीच, ती त्यापुढच्या जानेवारीत.

मी पुन्हा बेरीज केली. मग आणखी एकदा. हे म्हणाले, "चेहरा बघ आरशात. पोराला पहिला नंबर मिळाल्यागत झालाय."

रेणुकानं पुन्हा एकदा एक वर्ष आधीच मांडव घातला आहे.

२३ नोव्हेंबर

खात्रीशिवाय बोलणं माझ्या स्वभावात नाही. गावातल्या एका जोशीबुवांकडे जुनी पंचांगं आहेत. १९४४ साली अधिक मास नाही. १९४५ साली अधिक चैत्र, मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत. धोंडू. चिठ्ठी, पंचांग आणि सासू, तिन्ही एकच सांगतात.

पौर्णिमा मोजून काढल्या. १३ जानेवारी २०२५ ची पौर्णिमा गुरुजींच्या आयुष्यातली नऊशे अठ्ठ्याऐंशीवी. हजारावी ३ जानेवारी २०२६, शनिवार.

रेणुकाला आज फोन करून सांगता आलं असतं. केला नाही. पुढच्या रविवारी नांदेडला बैठक आहे.

१ डिसेंबर, रविवार. नांदेड

रेणुकाच्या क्लासच्या हॉलमध्ये बैठक झाली. तीन मजले, लिफ्ट, भिंतभर पोरांचे फोटो. मुरूडची शाळा तिनं २००२ च्या जूनमध्ये सोडली, ज्या महिन्यात मला गुरुजींची जागा मिळाली त्याच महिन्यात. नांदेडला आली आणि क्लास काढला. तिच्या हाताखाली आज चौदा शिक्षक आहेत. मला त्याचं काही नाही. मला खटकलं ते दाराशी लावलेलं मोठं चित्र: फळ्यापुढे गुरुजी, खाली अक्षरं, 'पायऱ्या दाखवा'.

ते वाक्य माझं आहे. म्हणजे मला म्हटलेलं आहे. नववीत मी नुसती उत्तरं लिहायची. गुरुजी वही उंच धरून म्हणायचे, "मनिषा, उत्तर बरोबर. पायऱ्या कुठायत?" आणि अर्धे गुण कापायचे. रेणुका सगळ्या पायऱ्या लिहायची, कधीकधी उत्तर चुकवायची, आणि तिला पाचापैकी चार. चाळीस वर्षं झाली, मला तो एकेक गुण पाठ आहे.

बैठकीत चिठ्ठी पर्समध्ये होती. दोनदा हात गेला. पण तेव्हा नुसतं मांडवाचं आणि जेवणाचं ठरत होतं. थांबले. पत्रिका छापून होऊ देत.

हे लिहिलेलं आत्ता वाचलं. असू दे. वहीत खोटं लिहायचं नसतं.

८ डिसेंबर

पत्रिका तुकडीच्या ग्रुपवर आली. गुलाबी. 'निमंत्रक: सौ. रेणुका' आणि परिवार. मी खाली कुठेतरी.

जेवण झाल्यावर मी सविस्तर लिहिलं. चिठ्ठीचा फोटो, शिवप्रसादनी केलेलं वाचन, फसलीचा नियम, पंचांगाचं पान. शेवटी एक ओळ: 'हजार पूर्ण होण्याआधी हजाराचा सोहळा करण्याची आपल्या गावाला जुनी सवय आहे.'

पाठवलं. कधी नव्हे ती शांत झोप लागली.

१० डिसेंबर

ग्रुपवर दोन दिवस धुमाकूळ. एकानं लिहिलं, दोन हजार एक मॅडम परत आल्या. एकजण म्हणाला, सोहळा आहे, जनगणना नव्हे. पण धार्मिक विधी चुकीच्या दिवशी नको असं बायकांनी धरलं, आणि मत घेतलं. कार्यक्रम पुढे ढकलला. ३ जानेवारी २०२६.

रेणुका एक शब्द बोलली नाही.

संध्याकाळी गुरुजींचा फोन. त्यांच्या नातीनं लावून दिला. म्हणाले, "मनिषा, उत्तर बरोबर आहे."

मी उभी राहिले. फोनवर कुणी उभं राहत नाही, पण मी राहिले. म्हटलं, पायऱ्याही दिल्यात गुरुजी या वेळी. सगळ्या.

"हो. वाचून दाखवल्या मला. छान मांडल्यास." मग म्हणाले, "पुढच्या वर्षी तर पुढच्या वर्षी. तू येशील ना?"

मी म्हटलं, येणार की. एवढं बोलून ठेवला. रेणुकाला त्यांनी फोन केला असेल का, हा विचार मग रात्रीच्या भाकरीपर्यंत पुरला.

१२ डिसेंबर, गुरुवार

रेणुका आली. न सांगता, एकटी, बसनं. मी दार उघडलं तर घामाघूम. मी पाणी दिलं. ती म्हणाली बसायला आले नाही, आणि बसली.

जसं झालं तसं लिहिते.

तिनं सांगितलं की चिठ्ठीचं तिला तेवीस वर्षांपासून माहीत आहे. २००१ च्या दिवाळीनंतर गुरुजींनी जन्मतारीख दुरुस्तीचा अर्ज करायचं ठरवलं होतं. दाखल्याप्रमाणे ते मार्च २००२ ला अठ्ठावन्न होत होते, खरं तर २००३ ला. तिचं अक्षर चांगलं म्हणून अर्ज तिच्याकडून लिहून घेतला. मंजूर झाला असता की नाही, सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी तो परत मागितला आणि खिशात घातला.

"मी विचारलं का, तर म्हणाले, मनिषाला बारा वर्षं झाली मानधनावर. संस्थेची दुसरी शाळा बंद पडणार, तिथले अतिरिक्त शिक्षक पुढच्या वर्षी इथं येतील. मी यंदा उठलो तर जागा तिला मिळते, पुढच्या वर्षी उठलो तर त्यांच्यातल्या कुणाला."

ती दुसरी शाळा २००३ मध्ये बंद पडली. तीन शिक्षक आले. त्यातल्या एकाशेजारी मी वीस वर्षं बसले.

रेणुका पदराशी चाळा करत होती. म्हणाली, "यादीत माझं नाव तुझ्या खालीच होतं, मनिषा. एक शब्द त्यांनी माझ्यासाठी उच्चारला नाही. मी त्याच जूनमध्ये सोडली नोकरी. तू मला त्या पणत्यांवरून अजून बोलतेस. मला त्यांनी एक संध्याकाळ दिली. तुला अख्खं वर्ष दिलं."

मी म्हटलं, मला हे कुणी सांगितलं नाही.

"सांगायचं नव्हतं. मी तरी कशाला सांगू? मला काय आनंद झाला होता?"

मग तिनं दुसरं सांगितलं. गुरुजींच्या डोळ्यांत काचबिंदू आहे. एक डोळा गेलेला, दुसऱ्याला मध्यावर थोडंसं दिसतं. ऑगस्टमध्ये तीच त्यांना नांदेडला दवाखान्यात घेऊन गेली म्हणून तिला कळलं. डॉक्टरांनी सहा महिने सांगितले आहेत, फार तर आठ. कुणाला सांगू नको अशी गुरुजींची ताकीद. म्हणून तिला १३ जानेवारी हवी होती. चंद्र दाखवायचा तर दिसायला हवा.

सगळं उलटं आठवत गेलं. भिंतीकडे पाहणं. हातात दिलेली कपबशी. बाडावर फिरवलेला हात. ते उघडून काय करणार होते? अक्षर त्यांचंच असलं तरी.

जाताना रेणुकानं टेबलावरच्या, परवाच मुरूडहून आलेल्या टोपलीकडे पाहिलं. "सीताफळं त्यांच्या अंगणातली?"

मी म्हटलं, दरवर्षी येतात, तुलाही येत असतील.

"मला कधी आली नाहीत," ती म्हणाली आणि जिना उतरली.

मी चार सीताफळं पिशवीत घालून गॅलरीपर्यंत गेले. हाक मारली असती तर ती थांबली असती. मारली नाही. का, ते मला ठाऊक आहे.

१३ डिसेंबर

शिवप्रसादना विचारलं, बरोबर असलेली गोष्ट चूक आहे असं लिहून देता येतं का?

"रेकॉर्ड रूममध्ये दुसरं काय करत होतो," म्हणाले. मग माझ्याकडे नीट पाहून: "तुला जमेल का पण?"

१४ डिसेंबर, शनिवार

चार वेळा लिहिलं, चार वेळा खोडलं. शेवटी हे पाठवलं:

'फसली सालाचं रूपांतर करताना माझी एक वर्षाची चूक झाली. गुरुजींची जन्मतारीख दाखल्याप्रमाणेच बरोबर, २५ मार्च १९४४. सोहळा ठरल्या दिवशी, १३ जानेवारीलाच व्हावा. झालेल्या त्रासाबद्दल सर्वांची, विशेषतः रेणुकाची, क्षमा मागते.'

पाच मिनिटांत हसरे चेहरे. 'मॅडम पण चुकतात तर.' 'आता २००० च्या पणत्यांचं पण कबूल करा.' मी तेहेतीस वर्षं ज्यांच्या पोरांच्या वह्यांवर लाल शाई ओढली त्यांनी आज मनसोक्त ओढून घेतली. त्यांना दोष नाही.

रेणुकानं ग्रुपवर लिहिलं, 'चालायचंच'. एकच शब्द. क्षमा मागितलेल्या बाईला चालायचंच. मोठी दानशूर.

जीवनपटाचं पानही आज पूर्ण केलं. जन्म: २५ मार्च १९४४. हात थांबला, पण लिहिलं. निवृत्ती: ३१ मार्च २००२. त्या ओळीवर बराच वेळ बसले. एका पानात ती ओळ चार शब्दांची आहे.

१३ जानेवारी २०२५, सोमवार. मुरूड

झाला. मांडवात तीनशे माणूस. पूजा, तुला, हार. ऐंशी दिव्यांनी ओवाळलं, एकेक दिवा एकेका विद्यार्थ्याच्या हातात. रेणुकानं आठ पानी लेख वाचला. चांगला होता. दोन ठिकाणी लोकांनी डोळे पुसले. मी पुसले नाहीत. माझा जीवनपट कुणी वाचला नाही, तो वाचायचा नसतोच.

चंद्र सहाच्या पुढे दिसला, शेजारच्या पाण्याच्या टाकीमागून. गुरुजींना अंगणात खुर्चीवर बसवलं. चाळणीतून बघायचं की तुपाच्या वाटीत, यावर बायकांचा वाद चालला, तेवढ्यात त्यांनी मान जराशी तिरपी केली, पाखरू करतं तशी, आणि एका जागी स्थिर धरली. त्यांना सापडला होता. बराच वेळ बघत राहिले.

मग म्हणाले, "मनिषा आलीय का?"

मी पुढे झाले. चपलांच्या आवाजावरून ओळखतात म्हणे, मला आधीच कळायला हवं होतं. त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला ऐकू जाईल एवढंच बोलले. "कितवा?"

मी म्हटलं, नऊशे अठ्ठ्याऐंशीवा.

"हं. बारा कमी आहेत."

"मी येईन बाराही वेळा," मी म्हटलं.

रेणुका आमच्याकडे बघत होती. काय बोलतो ते तिला ऐकू येत नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखते. चाळीस वर्षं माझ्या चेहऱ्यावर आहे.

मला बरं वाटलं. लगेच लाजही वाटली. पण आधी बरं वाटलं.

१२ फेब्रुवारी

मुरूडला जाऊन आले. दिसला, असं गुरुजी म्हणाले. नऊशे एकोणनव्वद.

१२ मे

वैशाख पौर्णिमा, बुद्धजयंती. मुरूडमध्ये मिरवणूक होती, बसला उशीर झाला. पोचले तेव्हा गुरुजी अंगणात, भलत्याच दिशेला तोंड करून. मी काही न बोलता खुर्ची फिरवली. "आता दिसत नाही," ते म्हणाले, जसं कुणी पेन संपलं म्हणावं. "तू सांग."

मला वर्णन करता येत नाही, मला मोजता येतं. सांगितलं: टाकीच्या कठड्यापासून दोन बोटं वर. रंग हरभऱ्याच्या डाळीचा. खालची कड किंचित चपटी. ते म्हणाले, "पुढं?" मी आणखी शोधलं.

९ ऑगस्ट

ढग. तरी गेले. ढगामागेही पौर्णिमाच असते, ती धरायची का, यावर गुरुजींनी आणि मी तासभर वाद घातला. केवळाबाई म्हणाल्या, "दोघं बी येडे हाव तुम्ही." धरायची असं ठरलं.

६ ऑक्टोबर, कोजागिरी

केवळाबाईंनी सीताफळांच्या दोन टोपल्या केल्या होत्या. दुसरी कुणाची विचारलं. "रेणुकाची. तूच धाड म्हणालीस की, औंदा." मी म्हणाले होते खरं, जूनमध्ये, बोलण्याच्या ओघात. वाटलं नव्हतं लक्षात ठेवतील. मोठी फळं तिच्या टोपलीत होती. दोन मी बदलून घेतली.

३ जानेवारी २०२६, शनिवार. मुरूड

दुपारीच आले. रेणुकाला परवा फोन करून सांगितलं होतं की आज खरा दिवस आहे, यायचं तर ये. ती म्हणाली, "तुझी चूक झाली होती ना?" मी म्हटलं, हो. ती हसली. क्लासच्या परीक्षा आहेत, पुढच्या पौर्णिमेला येते म्हणाली. मी कधी नव्हे ती तिला "ये" म्हटलं. मग मनात आलं, पुढच्या पौर्णिमेला कशाला? आज हजार होतात. आजनंतर मोजायला काय उरतं?

अंगणात आम्ही तिघंच. मांडव नाही, दिवे नाहीत. केवळाबाईंनी तीळ भाजायला घेतले होते, वास येत होता. थंडी होती, गुरुजींच्या कानाला मफलर. खुर्ची मी आधीच बरोबर दिशेला लावून ठेवली.

"उगवला का?"

"उगवला. टाकीच्या मागून अर्धा वर आला."

"रंग?"

"गुळाचा. आता पूर्ण सुटला."

त्यांनी तोंड वर केलं. चंद्राचा उजेड त्यांच्या कपाळावर पडला होता, ते त्यांना सांगितलं नाही. वर्णनात बसत नव्हतं.

"कितवा?"

"हजारावा."

"पूर्ण झाले की नुसते लागले?"

पंचवीस वर्षं मी या एका प्रश्नाचं उत्तर गावाला बजावत आले. स्टाफरूममध्ये, फळ्यावर, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. त्यासाठी लोकांशी बोलणं तोडलं आहे.

"लागले, गुरुजी," मी म्हटलं. "पूर्ण पुढच्या पौर्णिमेला होतील. मला यावं लागेल."

त्यांनी हात पुढे केला, वही परत करताना करायचे तसा.

"उत्तर चुकलंय, मनिषा," म्हणाले. "पायऱ्या बरोबर आहेत."